शनिवारची गोळी

अरुंधतीच्या दुखण्याची सुरुवात गॅसच्या बटणापासून झाली. डिसेंबरातली सकाळ होती, नागपुरात त्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली होती. चहा ठेवायला म्हणून तिनं बटण फिरवलं, तर ते फिरेचना. बटण ठीक होतं, बोटंच वळत नव्हती. थंडीनं आखडली असतील म्हणून तिनं कोमट पाण्यात हात बुडवून ठेवले, नवऱ्यानं, उन्मेषनं, उठून गॅस पेटवला आणि दिवस नेहमीसारखा सुरू झाला.

पण थंडी गेली तरी बोटं तशीच. मग मनगटं धरली, मग पायांचे चवडे. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की गिट्टीवर टेकवल्यासारखं व्हायचं. अरुंधती तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती, एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क. भोसल्यांच्या काळापासून नागपुरात लेखणी चालवत आलेल्या घरातली मुलगी. दुखणं कुरवाळत बसायचं नाही, ही तिच्या माहेरची रीतच. तिनं उन्हाळ्यापर्यंत रेटलं. मग परीक्षेच्या दिवसांत एका मुलीच्या दाखल्यावर शिक्का मारताना तो हातातून सुटून टेबलाखाली गेला, आणि वाकलेली अरुंधती पुन्हा उभी राहू शकली नाही. शिपायानं आणि त्या मुलीनं धरून तिला खुर्चीत बसवलं. त्याच संध्याकाळी उन्मेषनं तिला धंतोलीला सांध्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर बाई होत्या आणि मोजकं बोलणाऱ्या होत्या. रक्ताचे रिपोर्ट पाहून त्या म्हणाल्या, "हा संधिवाताचाच एक प्रकार आहे. यात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. समूळ जाईल असं मी सांगणार नाही, पण ताब्यात राहील. फक्त गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही."

मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच होती. अरुंधतीनं शनिवार धरला, कारण दुसऱ्या दिवशी मळमळायचं आणि रविवारी निदान पडून राहता यायचं. गोळीचा गुण यायला वेळ लागतो हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण किती लागतो हे आपल्या अंगावर आल्याशिवाय कळत नाही. त्या पावसाळ्यात तिनं वेदिकाची, म्हणजे मुलीची, वेणी घालणं सोडलं. पोळ्यांना बाई लावली. आल्यागेल्यानं उपाय सांगितले: कुणी मेथीदाणे, कुणी निर्गुडीचं तेल, कुणी तांब्याचं कडं. नणंदेनं तर कामठीहून कसलंसं चूर्ण आणून दिलं. अरुंधती सगळ्यांना हो म्हणायची आणि आतून चिडायची. खरं तर तिचा राग आपल्याच हातांवर होता. आयुष्यभर मुकाट्यानं काम केलेले हात, आणि आता साधी बाटली उघडायची तर लेकीला हाक मारायची.

गोपाळरावांच्या वर्गात तिला उन्मेषनंच नेऊन बसवलं. गोपाळराव रामटेककडच्या झेडपी शाळेत पीटी मास्तर होते. निवृत्त झाल्यावर ते नागपुरात नंदनवनला मुलाकडे राहायला आले आणि ले-आउटच्या, म्हणजे तिथल्या वसाहतीच्या, समाजभवनात सकाळी योगाचा वर्ग घेऊ लागले. अंगानं काटक, डोक्याला मफलर, बोली अस्सल गावाकडची.

"काय होते तुले?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"संधिवात आहे. औषधं सुरू आहेत."

"सुरूच ठेव. माह्याकडं औषध नाही. खाली बसता येते?"

"नाही."

"मंग खुर्ची आन एक."

एवढीच भरती. बाकीचे चटईवर आणि ही एकटी खुर्चीवर, याची अरुंधतीला आधी भारी लाज वाटली. गोपाळराव मात्र तिच्याकडे फारसं लक्ष देत नसत. समोरच्यांना सूर्यनमस्कार सांगता सांगता मधेच येऊन म्हणत, "तू फक्त खांदे फिरव वं. हळू. दुखलं का थांब." मुठी उघडायच्या, मिटायच्या. मनगट आडवं, उभं. पावलं पुढं, मागं. बाकी श्वास. आत घेतलेला सोडताना लांबवायचा, इतकंच.

गुण एकदम आला नाही. काही दिवस बरे जायचे, मग एका सकाळी सगळे सांधे पुन्हा भरून यायचे. अशा एका सकाळी ती वर्गाला आली ती रडवेली होऊनच. म्हणाली, "सर, परवापर्यंत मूठ मिटत होती. आज मिटत नाही. मग हे सगळं करून उपयोग काय?"

गोपाळराव तिच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढून बसले. "परवाची मूठ परवा गेली. आज किती मिटते, ते दाखव."

तिनं दाखवली. अर्धीही मिटत नव्हती.

"मंग आज एवढीच. उरलेली ओढून आणाची नाही. लोकं काय करते, कालच्या आंगाले आज शोधत बसते आन आजच्यावर खार खाते. भांडू नको त्याच्याशी."

त्या दिवशी डोळे मिटून श्वास सोडताना अरुंधतीला रडू आलं आणि ते थांबेना. वर्ग सुटल्यावर एका बाईनं तिची पिशवी बाहेरपर्यंत आणून दिली. घरी गेल्यावर तिला हलकं वाटलं, आणि कितीतरी दिवसांनी दुपारी स्वस्थ झोप लागली.

वर्षभरात गोळीनं आपलं काम केलं आणि वर्गानंही केलं. कुणाचं किती, हे अरुंधतीला सांगता आलं नसतं. सूज उतरली, डॉक्टरांनी रोजच्या वेदनाशामक गोळ्या थांबवल्या. शनिवारची गोळी मात्र ठेवली. अरुंधती आता चटईवर बसू लागली. हातांवर भार येणारी आसनं तिला जमत नसत, ती कोपरं टेकवून किंवा भिंतीला धरून करायची. सकाळी चहा तीच ठेवू लागली. पण तिच्या लेखी खरी गोष्ट वेगळीच होती. हातांवरचा तिचा राग गेला होता.

पुढच्या आषाढात गोपाळरावांनी रामटेकला परत जायचं ठरवलं. भाऊ थकला होता, धानाची शेती बघायला कुणी नव्हतं. निघायच्या आधी त्यांनी वर्ग अरुंधतीच्या हवाली केला.

ती म्हणाली, "सर, मला साधा सूर्यनमस्कार धड घालता येत नाही."

"तुले जे जमत नाही, ते या वर्गात निम्म्या बायाले जमत नाही. त्याहिले कोन शिकवन? ज्याले सगळंच येते, त्याले दुसऱ्याचं अडलेलं दिसत नाही. तू शिकव. पन शिकून शिकव. माह्यासारखी आंगठेबहाद्दरी नको करू."

तिनं मनावर घेतलं. शनिवार-रविवारचा वर्षाचा कोर्स लावला. मळमळ सोमवारवर ढकलायला गोळी रविवारी घ्यायची का, हे आधी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी हो म्हटलं. कोर्सभर गोळी रविवारी, कोर्स संपल्यावर परत शनिवारी. कोर्सच्या वर्गात तिच्या निम्म्या वयाच्या मुली गुडघ्यांना नाक टेकवत आणि ही भिंतीशी उभी. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत परीक्षकांनी चक्रासन सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या मनगटांना ते झेपणार नाही. पण ज्याची मनगटं दुखतात त्याला याच्याऐवजी काय द्यायचं, ते करून दाखवते." परीक्षकांनी पाहिलं, मान हलवली आणि चक्रासनाचे गुण कापलेच. तरी ती पास झाली. उन्मेषनं त्या दिवशी संत्रा बर्फी आणली आणि वेदिकानं वसतिगृहातून फोन करून "योगा टीचर मॅडम" म्हणून चिडवलं.

दोन वर्षांत वर्ग वाढला. ऑफिसची नोकरी सांभाळून सकाळचा वर्ग ती नेमानं घ्यायची. वयस्क बायका, पाठदुखीवाले मास्तर, शुगरवाले दुकानदार असे लोक येत. त्यांत मिनल होती. तिशीतली, चुणचुणीत, सगळ्यांशी चटकन गट्टी जमवणारी मुलगी. वर्गाचा व्हॉट्सॅप ग्रुप तिनंच काढला, चटया तिनंच ठोक भावानं लकडगंजातून आणवल्या. दिवाळीच्या सुमारास तिनं अरुंधतीचा एक छोटा व्हिडिओ काढला. आधी जुना फोटो, सुजलेल्या हातांचा. मग अरुंधती वृक्षासनात उभी. आणि वर मोठ्या अक्षरांत, 'औषधाविना संधिवातावर मात'.

"हे बरोबर नाही गं," अरुंधती पाहून म्हणाली. "मी औषध घेते."

"घेता, पण मूळ फरक तर योगानंच पडला ना ताई? लोक गोळ्यांचं ऐकायला थोडीच येतात. गोळ्या त्यांच्या घरी आहेतच."

अरुंधती म्हणाली, "बघ बाई," आणि विषय तिथंच राहिला.

व्हिडिओ भराभर फिरला. पुण्याहून चुलत बहिणीचा फोन आला. कॉलेजात प्राचार्यांनी चारचौघांत अभिनंदन केलं. ज्या नणंदेनं चूर्ण आणलं होतं, ती आता लोकांना वहिनीचा व्हिडिओ दाखवू लागली. इतकी वर्षं अरुंधती सगळ्यांची 'बिचारी' होती. आता ती जिंकलेली होती. ते वाक्य खोटं आहे हे तिला ठाऊक होतं आणि ते ऐकायला बरं वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. नंतर सांगू, म्हणत म्हणत संक्रांत आली.

व्हिडिओ पाहून आलेल्यांत देवकी होती. मागच्या ले-आउटमध्ये राहायची, घरीच ब्लाउज शिवायची. तिला अरुंधतीसारखाच संधिवात होता, दोनेक वर्षांपासून. अरुंधतीनं तिला आल्या आल्या खुर्ची दिली. देवकी बोलायची कमी, पण अरुंधतीकडे अशी बघायची की दाखवलेलं काहीच निसटू नये. जानेवारीभर ती नेमानं आली. फेब्रुवारीत तिचं येणं तुटक झालं, मग बंदच. होळीच्या आधी तिच्या शेजारणीनं वर्गात सांगितलं, "ताई, देवकी तर बिछान्यालेच लागली. हात भलतेच सुजून राहिले."

वर्ग सुटल्यावर अरुंधती तशीच तिच्या घरी गेली. दार देवकीच्या नवऱ्यानं, रुपरावनं उघडलं. तो लकडगंजात माल वाहायचा टेम्पो चालवायचा, पण त्या दिवशी घरीच होता. आत शिलाई मशीनवर चादर टाकलेली, बाजूला बेतून ठेवलेल्या ब्लाउजांचं गाठोडं. देवकी पलंगावर टेकून बसली होती. तिचे दोन्ही हात मांडीवरच्या उशीवर ठेवलेले होते. ते हात अरुंधतीनं आधी पाहिलेले होते, स्वतःचेच.

"डॉक्टरकडे गेली होतीस?" तिनं विचारलं.

रुपरावच म्हणाला, "गोळ्या बंद केल्या होत्या तिनं. संक्रांतीपासून. मलेही आताच सांगतलं."

"का गं?"

"केस गळून राहिले होते, मळमळ होये," देवकी म्हणाली. "म्हटलं, ताईले जमलं त मलेही जमन. पहिल्या महिन्यात काहीच झालं नाही. मले वाटलं, जमून राहिलं."

अरुंधती खुर्चीवर बसली. रुपराव भिंतीला टेकून उभा होता. त्याचा आवाज चढला नाही. "ताई, एक विचारू? तुमी गोळी घेता का?"

"घेते. दर शनिवारी."

"आता बी?"

"आता पण. एकही आठवडा चुकवलेला नाही."

बाहेर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. मग देवकी म्हणाली, "व्हिडिओत त तसं नाही सांगतलं."

"नाही सांगितलं."

"मले त सांगता आलं असतं, ताई. मी रोज तुमच्या समोर बसत होती."

"माझं चुकलं," अरुंधती म्हणाली. मग तिथूनच तिनं धंतोलीच्या डॉक्टरांकडे फोन लावून दुपारची वेळ मागून घेतली. रुपराव म्हणाला, "आमी जातो, तुमी राहू द्या." ती तरीही गेली आणि दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून राहिली. आत तिला कुणी बोलावलं नाही.

तपासणी झाल्यावर डॉक्टरांनीच तिला दारात गाठलं. "औषध पुन्हा सुरू केलंय. मळमळीवर उपाय होता, तिनं विचारलं असतं तर दिला असता. सूज उतरेल. उजव्या हाताच्या दोन बोटांत वाक राहील असं दिसतंय." मग थांबून म्हणाल्या, "तुमचा तो व्हिडिओ मलाही पेशंटांनीच दाखवला. मला वाटलं, तुम्हाला माहीत नसेल."

"माहीत होतं," अरुंधती म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं.

त्याच संध्याकाळी तिनं मिनलला घरी बोलावलं. मिनलला देवकीचं ऐकून वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण व्हिडिओ काढून टाकायला तिचा जीव होईना. "ताई, मी खाली लिहिते ना, डॉक्टरांचा सल्ला घ्या म्हणून. बारीक अक्षरांत. एका बाईनं वेडेपणा केला म्हणून सगळंच पुसायचं काय?"

"वेडेपणा तिनं नाही केला, मिनल. आपण सांगितलं तेच तिनं केलं. आणि ते खोटं होतं."

"मग तुम्ही तेव्हाच का थांबवलं नाही मला?"

"मला आवडलं होतं म्हणून," अरुंधती म्हणाली. "तुझ्यावर ढकलत नाही मी. पण तो काढून टाक."

मिनलनं तिच्यासमोर व्हिडिओ काढून टाकला. पण ज्यांनी तो पुढे पाठवला होता, त्यांच्या फोनमधून तो कोण काढणार? म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गात अरुंधतीनं चटया घालायच्या आधी सगळ्यांना बसवलं आणि सांगून टाकलं. मला काय आजार आहे, कोणती गोळी मी दर शनिवारी घेते, ती बंद केली तर काय होईल, देवकीचं काय झालं. योगानं मला काय दिलं तेही सांगितलं: सांधे मोकळे ठेवता येतात, दुखऱ्या दिवशी घाबरायला होत नाही, झोप लागते. "आजार त्यानं गेलेला नाही. कुणी तुमचं औषध बंद केलं असेल तर आजच डॉक्टरकडे जा. इथं नंतर या."

मागून एक दुकानदार म्हणाले, "म्हणजे मॅडम, आम्ही शुगरची गोळी सोडलीच नाही, बरं झालं." काही जण हसले. दोघी जणी हसल्या नाहीत. त्यांनी बीपीची गोळी अर्धी केली होती, हे त्यांनी वर्ग सुटल्यावर हळूच सांगितलं. अरुंधतीनं त्यांना तिथूनच डॉक्टरकडे पाठवलं.

पुढच्या महिन्यात वर्ग ओसरला. औषध सुटणार नसेल तर पहाटे उठून यायचं कशाला, असं काहींना वाटलं असावं. मिनलनं पलीकडच्या चौकात स्वतःचा वर्ग काढला, वजन कमी करण्याचा. अरुंधतीशी ती गोड बोलत राहिली, पण जाणं-येणं राहिलं नाही. नणंदेनं फोनवर विचारलं, "वहिनी, असं सगळ्यांपुढं सांगायची काय गरज होती? लोक काय म्हणतील?" अरुंधती म्हणाली, "म्हणू देत." उन्मेषनं मात्र एवढंच म्हटलं, की बरं केलंस. नणंदेच्या फोननंतर दोन दिवसांनी ती एकटीच बसनं रामटेकला जाऊन आली. गोपाळराव बांधावर उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांनी समजूतही घातली नाही, ते रागावलेही नाहीत. "शिलाईवाली पोरगी येते का परत वर्गात?" त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली. "मंग तू जात जा तिच्याकडं," ते म्हणाले आणि तिला जेवायला घरी घेऊन गेले.

ती जाऊ लागली. आठवड्यातून दोनदा, ऑफिस सुटल्यावर. पहिल्यांदा रुपरावनं दारातच उभं ठेवलं. दुसऱ्यांदा देवकीनं आतून हाक मारली. औषधाचा गुण यायला लागला होता. अरुंधतीनं तिला फक्त बोटं आणि मनगटं हलवायला लावली, गरम पाण्याच्या घमेल्यात. गप्पा होत नसत. देवकीच्या मनातलं गेलं नव्हतं आणि अरुंधतीही ते जावं म्हणून घाई करत नव्हती. उन्हाळा सरेपर्यंत देवकी मशीनवर बसली. ब्लाउजांचं बारीक काम तिनं सोडलं, साड्यांना फॉल-पिको लावू लागली. उजव्या हाताची दोन बोटं वाकडीच राहिली.

दसऱ्यानंतरच्या एका सकाळी देवकी समाजभवनात आली. बरोबर एक ठेंगणी बाई होती, तिची नणंद जयवंता, गुडघ्यांनी त्रासलेली. देवकी मागच्या रांगेत बसली आणि नणंदेला शेजारी बसवलं. अरुंधती जवळ गेली तेव्हा जयवंता विचारत होती, "इथं किती दिवसांत बरं होते वं?"

"ते डॉक्टरले विचारजो," देवकी म्हणाली. "कालच नेलं हिले, ताई. एक्सरे काढला. गोळ्या देल्या हायेत आन जिना चढू नको म्हणतलं."

"वाकता येतं का खाली?" अरुंधतीनं जयवंताला विचारलं.

"नाही जी."

"दुखतं कुठं? आतल्या बाजूला का बाहेरच्या?"

जयवंतानं साडी थोडी वर करून जागा दाखवली. अरुंधती तिच्यासमोर खाली बसली, गुडघ्यावर हात ठेवला आणि तिला पाय हळूहळू सरळ करायला सांगितला. बाकीच्यांनी तोवर चटया घातल्या होत्या. कुणीतरी खिडक्या उघडल्या, आणि वर्ग सुरू झाला.